बारावी सायन्सला ८६ टक्के, आणि लेकीला बीए इतिहास करायचंय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी इथली जुनी वाचक, पण धागा काढायची ही पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीजवळच्या एका गावात राहतो. मी पोस्टात आहे, यांचं कृषी सेवा केंद्र आहे. लेकीला बारावी सायन्सला ८६ टक्के मिळाले, सीईटीही बरी गेली. सांगलीत नाहीतर पुण्यात एखाद्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागेल. पण ती म्हणते, मला बीए करायचंय, इतिहास घेऊन.

हे एका दिवसात डोक्यात आलेलं नाही. गेल्या दिवाळीत माझ्या माहेरी माळा आवरायला काढला, तेव्हा फडक्यात बांधलेले कागद सापडले. सगळे मोडीत. माझे वडील ८१ वर्षांचे, त्यांनाही वाचता येईनात. "जमिनीचे असतील, आजोबांच्या वेळचे," एवढंच म्हणाले. लेकीने त्यातला एक कागद मागून घेतला. पुढे तालुक्याच्या गावी मोडीचा दहा दिवसांचा वर्ग लागला, तिथे जाऊन बसली. ऐन बारावीत! मी रागावले होते. आता तिला अक्षरं ओळखू येतात, पण एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते लागत नाही. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, हे मला तिच्याकडूनच कळलं.

सासूबाई म्हणतात, "एवढे मार्क पडून आर्ट्स? लोक काय म्हणतील?" ते मी बघून घेईन. यांचा प्रश्न मात्र दोनच शब्दांचा आहे, "पुढे काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. भाचा म्हणतो पुण्यात खासगी विद्यापीठात 'लिबरल आर्ट्स' कर, तेच खरं शिक्षण. फी बघितली, वर्षाची काही लाख. आमच्या आवाक्यातली नाही.

बीएला नक्की शिकवतात काय, कॉलेज कसं निवडायचं, आणि पुढे काय? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा. गोड नको.

---

अमरावतीकर

ताई, तुम्ही खरं मागितलंत म्हणून कडू लिहितो.

माझ्या धाकट्या भावाने बीए केलं, राज्यशास्त्र. हुशार होता. कॉलेजात तीन वर्षांत जेमतेम दीडशे तास झाले असतील. परीक्षेच्या आधी महिनाभर झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स आणायच्या, पाठ करायच्या, लिहून यायचं. फर्स्ट क्लास मिळाला. त्यानंतर स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात सदाशिव पेठेत सहा वर्षं अभ्यासिकेत बसला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला, पद मिळालं नाही. तिशीत घरी आला तेव्हा हातात दाखवायला ती पदवी आणि गेलेली वर्षं. आता धडपडून उभा राहिलाय, पण आईवडिलांनी त्या काळात काय काढलं ते मी पाहिलंय.

इंजिनिअरिंग करू द्या. मोडी, इतिहास हे आयुष्यभर करता येतं. पोट भरल्यावर जास्त चांगलं करता येतं.

---

गवाक्ष

अमरावतीकरांना अनुमोदन. इतिहासाची आवड असणारे कितीतरी इंजिनिअर दर रविवारी गड फिरतात.

---

उंबरठा

गवाक्ष, गड फिरणं आणि इतिहासाचा अभ्यास यांत फरक आहे हो. माझाही नवरा दर रविवारी गड फिरतो.

---

तासिकातत्त्व

नाव बघून ओळखलं असेलच. मी अकरा वर्षं सीनियर कॉलेजला इतिहास शिकवतो, तासिका तत्त्वावर. एमए, सेट, पीएचडी सगळं झालंय. कायम जागा नाही. म्हणून सर्वांत आधी हे, ताई: "बीए, एमए करून प्राध्यापक होऊ" असा हिशोब मांडून मुलीला पाठवू नका. नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) पास होणं अभ्यासाच्या हातात आहे, जागा निघणं नाही. माझ्यासोबतचे कित्येक जण पन्नाशीकडे आलेत आणि अजून तासाच्या हिशोबाने बिल लावतात.

आता दुसरी बाजू. अमरावतीकरांच्या भावाचं जे झालं ते मी दरवर्षी समोरच्या बाकावर बघतो. पण विषय त्याला बुडवत नाही. तीन वर्षांत त्याने काही लिहिलेलंच नसतं, त्याने तो बुडतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी आयुष्यात एकही पान स्वतःच्या वाक्यांत लिहिलेलं नसतं. "शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराची वैशिष्ट्ये सांगा" म्हटलं की आठ मुद्दे येतात, क्रमही तोच, गाइडमधला. मी एकदा एका वर्गाला आज्ञापत्राची (रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेला मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा जुना ग्रंथ) चार पानं वाचायला दिली आणि विचारलं, किल्ल्यांबद्दल हा माणूस इतकं का लिहितो? पहिल्या दिवशी सगळे गप्प. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली, "सर, हे लिहिणाऱ्याने किल्ले हातचे जाताना बघितलेत." रामचंद्रपंत अमात्य, जिंजीचे दिवस, औरंगजेब दख्खनेत, सगळं त्या एका वाक्यात होतं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. बीए म्हणजे हे, ताई. समोरच्या कागदाला विचारायला शिकायचं: तू कोणी लिहिलास, कुणासाठी, आणि काय लिहायचं टाळलंस?

तुमची मुलगी तो मोडी कागद घेऊन बसली म्हणजे हा प्रश्न तिला आपोआप पडलाय. आमच्याकडे तिसऱ्या वर्षापर्यंत वाट बघूनही तो पडत नाही.

कॉलेज निवडताना नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) ग्रेड वगैरे नंतर बघा. आधी प्रत्यक्ष जा. इतिहास विभागात कायम शिक्षक किती ते विचारा. ग्रंथालयात पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलं स्वतः काढून चाळतात ते बघा. टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, एखाद्या मुलीला गाठून विचारा, "गेल्या सत्रात तू किती पानं लिहिलीस, आणि ती कुणी तपासून परत दिली?" या एका प्रश्नाने तुम्हाला सगळं कळेल.

---

कृष्णाकाठ

सर, डोळ्यांत पाणी आलं वाचून. तुमच्या जागेबद्दलही वाईट वाटलं. मेजर, मायनर, क्रेडिट हे काय असतं ते कोणी सोपं करून सांगेल का? कॉलेजच्या पत्रकात तेच तेच शब्द आहेत.

---

तासिकातत्त्व

सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एक विषय मुख्य, तो मेजर. दुसरा त्याच्या जोडीला, तो मायनर. शिवाय ओपन इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्या विद्याशाखेतले काही पेपर घ्यावे लागतात, म्हणजे कलेच्या मुलीला विज्ञान किंवा वाणिज्यमधला. भाषा, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली, सहाव्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं माप, एका सत्राला साधारण २२ क्रेडिट. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि मग एमए एका वर्षाचं.

कागदावर हे उत्तम आहे. अडचण अशी, की लहान कॉलेजात ओपन इलेक्टिव्हच्या यादीत दहा नावं असली तरी शिकवायला माणूस दोनच विषयांना असतो. म्हणून तिथेही विचारा: यादीतलं खरंच काय चालू आहे?

मायनर मात्र विचार करून घ्या. इतिहासाला जोड म्हणून दुसरा तसाच वाचनाचा विषय घेण्यापेक्षा अर्थशास्त्र किंवा भूगोल घ्या. सायन्सची मुलगी आहे, आकड्यांना भिणार नाही. जमिनीचे कागद वाचायचे तर सारा, धारा (जमिनीचा कर), बिघा, चाहूर (जमिनीची मापं) हे समजायला अर्थशास्त्राइतकाच भूगोल लागतो.

---

निळीशाई

मी पुण्यातच एका खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्स केलंय, शिष्यवृत्तीवर. नाव घेत नाही, पण ताईंच्या भाच्याच्या बोलण्यात तथ्य किती ते सांगू शकते.

हा शब्द नवा वाटतो, पण कल्पना फार जुनी आहे. लॅटिनमध्ये 'लिबर' म्हणजे मुक्त, जो गुलाम नाही तो. मुक्त माणसाला ज्या विद्या याव्यात त्या लिबरल आर्ट्स. युरोपात मध्ययुगात त्या सात होत्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व ही तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल ही चार. म्हणजे त्यात गणित होतंच! आपल्याकडे आर्ट्स म्हणजे गणितातून सुटका असं जे झालंय ते मुळात नव्हतं. आम्हालाही पहिल्या वर्षी संख्याशास्त्र सक्तीचं होतं, आणि माझ्या आजच्या नोकरीत (एका सामाजिक संस्थेत सर्वेक्षणाचं काम) मला रोज तेच लागतं.

वर्गात आम्ही अठरा जण. दर आठवड्याला एक निबंध, हजार-दीड हजार शब्द. तो लाल शाईने भरून परत यायचा. पहिल्या सत्रात मी रडले आहे. मी मराठी माध्यमातली, सोलापूरची. विचार मराठीत यायचा, लिहायचं इंग्रजीत. एका मॅडमनी सांगितलं, आधी मराठीत लिही, तुला काय म्हणायचंय ते तुलाच कळू दे, मग इंग्रजीत लिही. भाषांतर करू नको, परत लिही. त्या एका सल्ल्यावर मी तीन वर्षं काढली.

त्या फीमध्ये मिळतं ते हेच: लहान वर्ग, आणि तुमचं लिहिणं वाचणारा माणूस. इमारत, कॅम्पस सोडून द्या. अनुदानित कॉलेजात असा एक शिक्षक भेटला तर फीचे लाखो रुपये वाचले असं समजा. आणि नाही भेटला, तर मुलीने दर पंधरा दिवसांनी एक निबंध लिहून कुणाला तरी वाचायला द्यायचा. मला पाठवला तरी चालेल, मनापासून सांगते.

---

अमरावतीकर

निळीशाई, तुमचं पटलं. पण तुम्हाला शिष्यवृत्ती मिळाली, ती किती जणांना मिळते? ताईंच्या यजमानांचा प्रश्न तसाच राहिला. चार वर्षांनी त्या मुलीने महिन्याला पगार कुठून आणायचा? इथे सगळे संशोधनाबद्दल बोलताहेत, भाड्याबद्दल कुणीच बोलत नाही.

---

दौतटाक

मी बोलतो. मी बीए इतिहास, पुढे ग्रंथपालनाची पदवी, आणि गेली आठ वर्षं मोडी लिप्यंतराचं काम करतो. माझं घर त्यावर चालतं. श्रीमंती नाही, पण चालतं.

मोडी आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या व्यवहारात होती. त्यामुळे जुने फेरफार, खरेदीखतं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, देवस्थानांचे हिशोब यांचा ढीग गावोगावी आहे. वाटणीचा दावा लागला की वकील आमच्याकडे येतात. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारे शोधत होते, आणि माणसं पुरत नव्हती. त्या वर्षी मी तहसील कचेरीत रात्री नऊपर्यंत बसून रजिस्टरं वाचली आहेत.

पण एक सांगतो. नुसती लिपी येणारे पुष्कळ झालेत. दहा दिवसांच्या वर्गातून अक्षरं येतात. कागद वाचता येणं वेगळं. 'कारणें लिहून दिल्हें' नंतर काय येणार हे ज्याला माहीत असतं, 'मौजे', 'तर्फ', 'सुमार', 'अजमासे' हे शब्द ज्याच्या कानात बसलेले असतात, फसली सन आणि शक या जुन्या कालगणनांचा मेळ ज्याला घालता येतो, त्यालाच खाडाखोड केलेली ओळ लागते. ते इतिहासाच्या अभ्यासातून येतं. बीए करताना मी दर शनिवारी भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसायचो. १९१० पासूनची पुण्यातली संस्था, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी उभी केलेली. तिथे काही काम नसलं तरी बसायचो. तिथल्या जुन्या मंडळींनी जे शिकवलं ते कुठल्या पेपरात नव्हतं.

ताई, ते कागद ऊन आणि वाळवीपासून जपा. लॅमिनेशन करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी! घड्या जिथे आहेत तिथेच ठेवा, टेप लावू नका, आणि प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूला बऱ्याचदा साक्षीदार आणि शेरे असतात.

---

मांडवी

गोंयांतल्यान नमस्कार. दौतटाक यांच्या मुद्द्याला जोड देते.

मराठ्यांचा इतिहास अभ्यासायचा तर मोडी हा एक दरवाजा. दुसरा फारसी, तिसरा पोर्तुगीज. इथे पणजीच्या पुराभिलेखागारात सोळाव्या शतकापासूनचे पोर्तुगीज दस्त आहेत. मराठ्यांशी झालेले तह, पत्रव्यवहार, हेरांच्या बातम्या. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य त्यात घातलं म्हणून ते मराठी अभ्यासकांपर्यंत पोचलं. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. माझ्या वर्गात एक कोल्हापूरचा मुलगा होता, त्याने बीएनंतर इथे येऊन पोर्तुगीज घेतली. आज तो भाषांतराची कामं करतो आणि पीएचडीही चालू आहे.

मुलीला एवढंच सांगा: पहिल्या वर्षापासून एक भाषा धर आणि सोडू नको. इतिहासाचा पेपर कुणीही वाचून देतो. दुसऱ्या भाषेतला मूळ कागद वाचणारी मुलगी शंभरात एक असते.

---

हडसनतीर

मी न्यू जर्सीत असतो, कामाला मॅनहॅटनमध्ये. दुपारच्या सुट्टीत कधी कधी कोलंबिया विद्यापीठात जाऊन बसतो. तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे.

हा धागा वाचताना तेच आठवत होतं. बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजमधून १९१२ मध्ये बीए झाले, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. पुढच्या वर्षी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते इथे आले. तीन वर्षांत त्यांनी काय काय घेतलं ती यादी मी एकदा वहीत उतरवून ठेवली होती: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध त्यांनी मे १९१६ मध्ये वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, शेजारच्या वर्गात जाऊन बसला होता.

मी स्वतः इंजिनिअर. माझ्या कामात पंधरा वर्षांनी मला अडतं ते कोडिंगमध्ये नाही, दोन पानांचा स्पष्ट प्रस्ताव लिहिण्यात. मी माझ्या मुलाला हेच सांगतो. ताईंच्या मुलीला मी इंजिनिअरिंगकडे वळवणार नाही.

---

पायरी

स्पर्धा परीक्षांबद्दल थोडं, कारण "बीए म्हणजे एमपीएससी" हे समीकरण इथेही दिसतंय. मी दोन वर्षांपूर्वी सेवेत आले. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लेखी १७५० गुण, त्यातला एकटा निबंध २५० चा. एमपीएससीची राज्यसेवा मुख्यही आता वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे लिहिता येणं इथेही लागतंच. पण बीएच्या पहिल्या दिवसापासून क्लास लावू नका. मी बीएची तीन वर्षं फक्त बीए केलं. नंतर तयारीला दोन वर्षं ठरवून दिली होती, तिसरं वर्ष घेतलं नसतं. ही मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवली होती, बाबांच्या सहीसकट. अमरावतीकर, तुमच्या भावासारखे मित्र माझेही आहेत. त्यांना कुणी थांबायची तारीख सांगितली नव्हती.

---

अमरावतीकर

पायरी, हे वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. आम्हीही त्याला तारीख सांगितली नव्हती. "अजून एक प्रयत्न कर" असं मीच दरवेळी म्हणायचो.

ताई, माझं पहिलं उत्तर मागे घेत नाही, पण त्यात एक दुरुस्ती. पाठवायचं ठरवलंत तर पायरीने सांगितलं तसं आधी ठरवून पाठवा.

---

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. तुमचे सगळे प्रतिसाद मी छापून घेतले आणि घरात ठेवले. यांनी दुकानात नेऊन वाचले, हे मला नंतर कळलं.

आम्ही दोन कॉलेजं बघितली. पहिल्यात विभागाला कुलूप होतं, शिपाई म्हणाला सर बुधवारी येतात. दुसऱ्या ठिकाणी ग्रंथालयात मुली जमिनीवर बसून वाचत होत्या. तासिकातत्त्व सरांचा प्रश्न मी एका टीवायच्या मुलीला विचारला. तिने पिशवीतून वही काढून दाखवली. प्रत्येक पानावर शिक्षिकेचे शेरे, काही ठिकाणी तिच्या लिखाणापेक्षा शेरे लांब. यांनी ती वही हातात घेतली आणि उभ्याउभ्या दोन पानं वाचली. काही बोलले नाहीत.

गाडीत मुलीला म्हणाले, "मायनरला अर्थशास्त्र घे. आणि चार वर्षांनी काय करणार ते तूच लिहून दे मला." तिने दीड पान लिहून दिलंय. तीन वर्षांचा आणि चार वर्षांचा असे दोन्ही हिशोब मांडलेत, ग्रंथपालनाची पदवीही त्यात आहे, आणि थांबायची तारीखही. ते पान यांनी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. काल प्रवेश घेतला.

दौतटाक दादा, कागदांचे फोटो काढले. एकाच्या मागे खरंच साक्षी आहेत, चार नावं. पुढची पहिली ओळ तिला लागली: शके १८०७ पार्थिवनाम संवत्सरे. म्हणजे १८८५ ना? खाली विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल काही आहे, "दिवस आठ" एवढं वाचता येतं. त्यापुढचा शब्द अडलाय. तिने तो मोठा करून वहीत गिरवलाय. मी उद्या फोटो टाकते, बघाल का?

---

दौतटाक

हो, १८८५च. फोटो टाका, पण फक्त तो शब्द नको, त्याच्या आधीची आणि नंतरची ओळही येऊ द्या. आणि तिला सांगा, तिला जो शब्द वाटतोय तो आधी तिनेच लिहून पाठवायचा. मी त्यानंतर सांगेन.